गणपूर्ती

गुरुवारी सहाला मी कुलूप काढतो.
लष्करातली ही आमची लॉज.
लॉज म्हटलं की नवा रिक्षावाला विचारतो,
‘एसी रूम कितने का है, बाबूजी?’
मी हसतो. चाळीस वर्षं हसतोय.

भिंतीत ग्वाल्हेरी दगडावर कोरलंय :
सत्यापरता धर्म नाही.
बरोब्बर त्याखाली टेबल, टेबलावर हजेरीचं रजिस्टर,
त्यात आज सहा सह्या.
सात लागतात.
सात असले तर लॉज,
सहा असले तर एका खोलीतले सहा म्हातारे.

जुनी रजिस्टरं वाळवीच्या आधी मी वाचली.
अठ्ठावीस साल : माणसं एका पानात मावत नाहीत.
मोडी सह्या, दोन उर्दू,
एका दरबारी वकिलाची, तिला हातभर शेपूट.
कुणीतरी लिहिलंय, ‘सर्वांनी एकाच किटलीतला चहा घेतला.’
त्या चहापायी द्रविडांच्या घरी
वर्षभर श्राद्धाला भटजी फिरकला नाही.
आणि पुढच्याच पानावर, खर्चाच्या बाजूला :
‘झाडूवाल्यासाठी निराळा पेला, दीड आणा.’
मी एजी ऑफिसातून रिटायर झालेला माणूस.
मला दोन्ही नोंदी दिसतात.

दुसऱ्या वर्षी तिकडे हॉलंडात
ज्याला सगळे जगद्गुरू करायला निघाले होते
त्या तरुणाने आपला संघच मोडून टाकला.
बातमी लष्करात पोचेतो भाद्रपद उजाडला असावा.
त्या गुरुवारी अकरा सह्या.
कुणी काही लिहिलेलं नाही,
फक्त टाक जोरात दाबलेला.
दोन ठिकाणी कागद फाटलाय.

पोहनेरकर माघात गेले.
मार्चअखेर वरती तक्ता पाठवायचा आहे.
सुमतीबाई म्हणाल्या, ‘पुनर्जन्म मानतो ना आपण?
मग असतीलच की ते कुठेतरी.’
नूरुद्दीन डॉक्टर म्हणाले, ‘असतील, पर दूध पी रहे होंगे.
पेन धरायला पाच वर्षं.’
खूप हसलो आम्ही. मग पंख्याचाच आवाज उरला.

पोहनेरकरांची सही मला येते.
जन्मभर खोट्या सह्या पकडल्या मी :
‘प’चं पोट कुठे सुटतं,
‘र’ची तंगडी कुठे आखडते.
पकडणाऱ्याइतकी चांगली खोटी सही कुणाला जमणार?
पेन उघडलं.
वर पाहिलं नाही.
पेनात शाई नव्हती.

परवा बिल्डर येऊन गेला. खाली मॅरेज हॉल,
वर तुम्हाला मेडिटेशन रूम, म्हणाला, फॉल्स सीलिंगवाली.
मी म्हटलं, विचार करतो.
विचारच तर करतो आम्ही इथे शंभर वर्षं.

शेजारच्या वाचनालयात भारती जाटव बसते.
पटवारीची परीक्षा. घरी सहा जण, एक खोली,
इथे पंखा आहे आणि आम्ही हळू बोलतो.
कपाटामागे सापडलेल्या एका पितळी पेल्यात
ती पेनं ठेवते.
तोच पेला की दुसरा, मला माहीत नाही.
पुढे त्याची कुठे नोंद नाही.

एकदा तिने विचारलं होतं,
‘अंकल, मेंबर बनने में क्या लगता है?’
फॉर्म माझ्या खिशात आहे.
तेव्हा द्यायला हवा होता.
आज देणं म्हणजे
तिला विचारणं नव्हे, आकडा भरणं.
तीही एक खोटी सहीच, फक्त खऱ्या हाताची.

‘एक पेन दे गं.’
तिने पेला पुढे केला. मी निळं उचललं.
सभासदसंख्येच्या रकान्यात ‘सहा’ लिहिलं,
अक्षरी आणि अंकी.
सुमतीबाई चपला शोधत होत्या.

‘अंकल, ताला लगाना है?’
नाही, म्हटलं.
तुझं प्रकरण होऊ दे.
मी बसतो.