तिसरं टिंब

तार्तूत दुपारी साडेतीनलाच दिवे लागतात.
एमायोगी गोठली आहे, माणसं नदीवरूनच
पलीकडे जातात.
मी तळघरात, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून,
हिल्ये, तुझ्या घरात शिरलेल्याचा माग काढते आहे.
हे तुला सांगितलेलं नाही.

पेशीचं कुंपण म्हणजे भिंत नव्हे, तेल.
तेलात दोन शेपट्या बुडवून
डोकं तेवढं बाहेर काढून बसलेले रेणू,
दाटीवाटीने, गप्प.
काहींच्या डोक्यावर फॉस्फेटची दोन टिंबं जास्तीची.
त्याशेजारी कुणी तिसरं लावलं
की आतल्यांना कळतं, बोलावणं आलं.
सांगाडा हलतो, तेल उचंबळतं,
पेशी हात पसरते.

एरवी ते बोलावणं एका शब्दाचं असतं:
वाढ.
वार त्या शब्दावर जगते, वारेच्या आतलं बाळही.
लिस्टेरियाला फक्त
तो शब्द उच्चारता येतो.
दार फोडत नाही तो. कडी वाजवतो,
घरच्या माणसाने वाजवावी तशी.
तोतया.

पडद्यावर त्या जागी हिरवं उजळतं,
आणि तेल त्याच्याभोवती मिटतं
इतकं हळुवार
की पहिल्यांदा पाहिलं तेव्हा
मला ते सुंदर वाटलं होतं.

त्या नाताळात थंड धुरावरचा ट्राउट
आईने तुझ्या ताटात दोनदा वाढला.
"दोघांचं खायचंय आता."
तू हसलीस, लिंबू मागितलंस.
जानेवारीत ताप आला, साधाच.
फेब्रुवारीत पाळणा परत द्यायला
मी आणि तुझा ओट बर्फातून गेलो.
पावती सापडत नव्हती. दुकानदाराने
काही न विचारता पैसे मोजले.

आई अजून विचारते, माशात काय होतं?
मीठ कमी पडलं असेल, म्हणते मी.

आज तिसरं टिंब लावणारा हात
औषधाने बांधून ठेवला.
जंतू बाहेरच राहिले, कडी वाजवत.
पेशीही राहिल्या तशाच, एवढ्याशा,
खरं बोलावणं येऊनही
न ऐकणाऱ्या.
दोन्ही नोंदी वहीत केल्या. दुसरी जरा बारीक अक्षरात.

मग दारावर टकटक झाली.
कोण, असं न विचारताच मी उघडलं.
सफाईची आस्ता होती,
बादलीतून वाफ येत होती.