बाकी सगळ्यांना नाही

दाभोळच्या मच्छीमार सोसायटीतला स्विच
तीन वर्षं येईल त्याला आत घेत होता.
बर्फाच्या कारखान्यातला लॅपटॉप, डिझेलपंपावरचा कॅमेरा,
लिलावाला आलेल्या कुणा परक्याचा मोबाईल,
सगळ्यांना एकच दरवाजा. आणि पासवर्ड
कंपनीनं दिला तोच, खोक्याच्या बुडाला छापलेला.

मी खाडीच्या अलीकडे, धोपाव्यात,
रात्री अकराला तो दरवाजा लहान करायला बसले.
टेलनेट आधी बंद केलं.
ते बिचारं पासवर्डसुद्धा ओरडून सांगतं,
पापलेटचा भाव पुकारावा तसं.
मग कारभाराची वाट गिऱ्हाइकांच्या वाटेपासून तोडली.
मग यादी लिहिली:
हिशेबाच्या टेबलावरचं मशीन.
चिपळूणचं ऑफिस.
लावली, जतन केली, समाधानानं बाहेर पडले.
चहा गाळताना आठवलं,
स्विचचं घड्याळ पाच मिनिटं मागं आहे.
परत गेले.

नाकारलं.

अशा प्रत्येक यादीच्या तळाशी एक ओळ असते,
कुणी न लिहिलेली, कधीच न दिसणारी:
बाकी सगळ्यांना नाही.
बाकी सगळ्यांत मी होते.

जतन केलं नसतं तर कुणाला तरी फोन करून
नुसती वीज घालवून परत आणली असती.
पण मी शहाणी.

सकाळची पहिली फेरीबोट. दोन मोटरसायकली, एक टेम्पो,
दोरीला ओढ देणारी कुणाची तरी शेळी,
आणि माझ्या पिशवीत निळी चपटी वायर.
रात्रभर जे अंतर मला नव्हतंच
ते आता तिकीट काढून, वाशिष्ठीच्या पाण्यावरून,
डिझेलच्या वासात, सावकाश.

सोसायटीत हुस्नाबी केर काढत होती.
सगळं ऐकून म्हणाली,
"आतनं कडी घालून भायर ऱ्हायलीस काय गो?"
आणि कपाटाची किल्ली काढून दिली
भरती-ओहोटीच्या कॅलेंडरखालच्या खिळ्यावरून,
जिथे ती सगळ्या गावाला ठाऊक आहे.

कन्सोलच्या भोकात वायर घातली.
तिथे यादी चालत नाही.
समोर येऊन उभं राहिलेल्या माणसाला
तो फक्त पासवर्ड विचारतो.
माझा पत्ता लिहिला, तिसरा. घड्याळ लावलं.
दुसऱ्या खिडकीतून आत येऊन पाहिलं,
मगच जतन केलं.

कपाट बंद करून किल्ली मी खिशात टाकली. बरोबरच होतं ते.
जेटीपर्यंत गेले, तिकिटाला सुटे काढताना
नाण्यांबरोबर ती हातात आली.
समजा पुन्हा अडकले,
समजा मीच नसले?

बोट सुटू दिली. मागे वळले.
हुस्नाबी पायरीवर बादली पालथी घालत होती.
किल्ली तिच्या हातात दिली, म्हटलं, खिळ्यावर नको.
तिनं काही न विचारता ती पदराच्या टोकाला बांधली,
दोन गाठी.

तिचं नाव
कुठल्याच यादीत नाही.