अकरावा लाल बोल्ट

कुपवाडच्या शेडमध्ये, शेवटच्या गाळ्यात,
अकरा व्हॉल्व्ह उभे होते. उभेच ठेवायचे असतात.
आडवा ठेवला तर स्प्रिंग एका अंगाला कलते
आणि कललेली स्प्रिंग पुढं कधीतरी
दाबाविषयी खोटं बोलते.

दाब लावतो दस्तगीर सतारमेकर.
मिरजेत त्याच्या घरी तंबोरे होतात अजून;
तारेखाली सुताचा धागा किती सरकवायचा
हे थोरला भाऊ डोळे मिटून ठरवतो.
हा काट्याकडं बघून. डोळे मिटत नाही.
सारखंच का रे दोन्ही, मी विचारलं एकदा.
"नाय. तंबोरा चुकला तर मैफल बिघडती.
हे चुकलं तर ऐकायला कोण ऱ्हातंय?"
शिशाचं सील दाबलं, चहाला गेला.

अणुवीज केंद्र मी पाहिलेलं नाही. मी नोंदवही लिहिते.
मला जे ठाऊक आहे ते जोडणीच्या कागदावरून:
आत येणारा पाइप आखूड, पोटानं रुंद.
मध्ये दुसरा व्हॉल्व्ह नको,
सुटकेच्या दाराला बाहेरून कडी घालत नाहीत.
बाहेर जाणाऱ्या पाइपानं आपलं ओझं
आपल्याच टेकूवर पेलावं.
दांडी ओळंब्यात, आभाळाकडं.
तळाला एक बारीक भोक, पाणी साचू नये म्हणून;
ते बुजवायचा मोह रंगाऱ्याला हमखास होतो.

आणि प्रत्येकाच्या माथ्यावर एक लाल बोल्ट.
दीडपट दाबानं पाइपांची परीक्षा होते
तेवढ्यापुरता. व्हॉल्व्हनं तेव्हा गप्प बसावं म्हणून.
परीक्षा संपली की काढायचा.
नाही काढला, तरी सगळं ठीकच दिसतं:
सील आहे, बाण बरोबर दिशेला, कागदावर सही,
आणि तोंडात बोळा.

म्हणून आमच्याकडं रीत आहे.
अकरा गेले, तर अकरा बोल्ट परत.
भडंगाच्या रिकाम्या पिशवीत घाला हवं तर,
पण मोजून.

आले. दहा.
टेबलावर मांडले, पुन्हा मांडले.
पिशवी उलटी केली, दोन शेंगदाणे पडले.

त्या आठवड्यात आयर्विन पुलाखाली कृष्णा चढत होती.
जो तो फूट आणि इंच बोलत होता.
कोयनेचे दरवाजे उघडले की इथं शिव्या पडतात;
उघडलेच नाहीत तर काय,
हे मोठ्यानं कुणी विचारत नाही.

मी फोन लावला. चिदानंद हेरवाडे, साइटवर.
"ताई, सगळं बसलंय. सह्या झाल्या. उद्या वाफ सोडणार."
बोल्ट दहाच आलेत.
"पडला असंल कुठंतरी."
कुठं?

मग त्याच्या पावलांखाली लोखंडी जिने वाजले.
किती ते मोजलं नाही. श्वास ऐकू येत होता.
"वर सगळं राखाडी करून ठेवलंय हो रंगाऱ्यानं.
लाल काहीच दिसत नाय. सगळे सारखेच."

दस्तगीरनं माझ्या हातातून फोन घेतला.
"बघू नगं. हात लाव. एकेकाच्या डोक्याला."

पहिला. दुसरा. पाचव्याला रेंज गेली.
पत्र्यावर पाऊस होता की माझ्याच कानात, सांगता येत नाही.
फोन पुन्हा लागला तेव्हा तो नवव्यापाशी होता
आणि काहीच बोलत नव्हता.

"हाय," म्हणाला. "रंगाखाली."

शुक्रवारी कुरिअर आलं, पाण्यातून वाट काढत.
बोल्ट राखाडी. पान्यानं खरवडला तिथं तेवढा लाल.
दस्तगीरनं तळहातावर घेतला, डोळे मिटले,
मी पहिल्यांदाच बघितलं त्याला तसं,
आणि मग बाकीच्या दहांत टाकून दिला.

वहीत अकराव्या ओळीपुढं 'आला' लिहिलं.
पट्टीनं एक नवा रकाना आखला.
त्याला नाव काय द्यावं, सुचेना.
'हात लावला का?' एवढंच लिहिलं.
साहेब म्हणाले, हे काय भाषेत बसत नाही.
बसू दे की, म्हटलं, नसेल बसत तर.