नकाशा क्रमांक तीन

बंदुकीचा आवाज म्हणजे खरं तर
मार्केट यार्डातल्या चौगुल्यांच्या हळद-गोदामाचं शटर,
भर दुपारी सोळा वेळा पाडलेलं,
हमाल वैतागेपर्यंत.
मेल्यावर जी किणकिण विझत जाते
ती मिरजेत तंबोऱ्याची तार मुद्दाम तोडून घेतली.
कारागीर म्हणाला, जोडायचे कमी घेतो,
तोडायचे जास्त पडतील.

तीन वर्षं. खणभागात गिरणीवरची खोली, एक इन्व्हर्टर.
इजाज सर्व्हरपाशी, सन्मती हिशोबात,
नकाशे माझ्याकडे.
एक चंद्रावरचा, एक बर्फातला,
जगाला चालतील असे.
तिसरा आमच्या गल्लीचा. गेममध्ये त्याला नुसता आकडा आहे.
त्यात दर तीन मिनिटांनी पाणी चढतं,
आधी मोरीतून, मग उंबऱ्यावरून.
नदी समोरून येते असं
पूर न बघितलेल्यांना वाटतं.

रात्री बाराला गेम रिलीज केला.
साडेबाराला खेळाडू: सात.
त्यात आम्ही तिघं, इजाजचा कुपवाडचा मेव्हणा,
आणि चंद्रावर एकमेकांना न सापडणारे दोघं, कुठल्या देशातले कोण जाणे.
सातव्याचं नाव ४१६४१६.
पिनकोड टाकलाय, सन्मती म्हणाला, गिऱ्हाईक घरचंच.

तो थेट तिसऱ्यात शिरला.
गोळी झाडली नाही.
पाणी चढलं तसे आम्ही पुलाकडे पळालो,
सगळे पळतात तसे,
आणि बुडालो.
तो गुडघाभर पाण्यातून उलटा वळला
मगदुमांच्या बंबाच्या खोलीकडे.
तिच्यामागे जिना आहे.
वरून कुठूनच दिसत नाही,
खेळात त्याचा उपयोग नाही.
होता, म्हणून ठेवलेला.

परत आले तर तो गच्चीवर,
कठड्यावरून खाली बघत,
त्या ऑगस्टात बोट बांधली होती तिथे.

मी चॅटमध्ये लिहायला घेतलं,
कुणाचा रे तू, मगदुमांचा का
आणि तो वळला.
शटर पडलं.
तार तुटली.

पडद्यावर पाच. चार.
इजाज दहा म्हणत होता,
मीच हटून बसले होते:
पाच सेकंदांवर कुणी मेलेलं राहायचं नाही.
तीन.
मेव्हणा फोनवर ओरडतोय, हा कोण आहे बे.
दोन.

जिन्यावर ओल्या पायांचे ठसे उमटतात.
दीड महिना घातला होता त्यावर.
सन्मती म्हणायचा, हे कोण बघणार?
मी एकेका ठशावर पाय देत
वर निघाले,
बंदूक भरून.