कमरेची पट्टी

पूर्णा जंक्शनमागचं मैदान,
खडे वेचून आम्हीच केलेलं.
पट्ट्या बायकोच्या जुन्या लुगड्याच्या,
कमरेला दोन्हीकडं खोचलेल्या.
कुणाला पाडायचं नाही,
फक्त पट्टी ओढायची.

चौतीस वर्षं रविवार असे गेले.
गफूर चेंडू फेकायचा
अन् मी, पार्सल ऑफिसातला ढेरपोट्या कारकून,
बाभळीच्या रेघेकडं पळत सुटायचो.
तीनदाच पोचलो.
तिन्ही तारखा पाठ आहेत.

आता गुडघ्याची वाटी बदलली.
परवा गफूरचा नातू म्हणाला,
"कामून पळता आबा? नुसतं उभं राहा."
राहिलो. पट्टी मात्र खोचली होती.
चेंडू हातात आला,
पोरगं अगदी जवळून गेलं,
ओढलीच नाही त्यानं.

इतकं लागलं नव्हतं
कधी पडूनसुद्धा.