सोमवारी भाजते

उद्यमनगर सोमवारी बंद असतं.
लेथ गप्प, प्रेस गप्प,
शेजारच्या शेडमधला चौगुल्यांचा ग्राइंडरही.
म्हणून मी सोमवारी भाजते.
बाकीचे दिवस बी तडकल्याचा आवाज
ऐकूच येत नाही.

ड्रम दादांनी केला.
मूळचा शेंगदाण्याचा, निपाणीच्या एका व्यापाऱ्याचा.
तो पैसे बुडवून गेला, ड्रम राहिला.
दादांनी बेअरिंग बदललं, आतली पाती वेल्ड केली,
दाराला चार बोटं काच बसवली
आणि विचारलं, "आत बघायचं काय असतंय पण?"

रंग, म्हटलं.

बुसानमध्ये तीन वर्षं मी रंग बघितला.
जोन्पोच्या गल्लीत, जिथं आधी
पान्यांची, साखळ्यांची, नटबोल्टांची दुकानं होती,
आता दर तिसऱ्या दाराआड कॉफी.
ड्रिलचे बिट विकणारा एकच म्हातारा उरलेला.
सकाळी आमच्याकडं काळी कॉफी प्यायचा
आणि खुर्चीवर कटिंग ऑइलचा वास ठेवून जायचा.
त्या वासानं मी परतीचं तिकीट काढलं.
दादांना सांगितलं, व्हिसा संपला.

लॅपटॉपवर रेष चढते. एकशे ऐंशी. एकशे नव्वद.
दादांचा डावा कान फौंड्रीनं नेला, उजवा अर्धा.
मी काचेला कान लावून बसते.
ते उठतात, बेअरिंगच्या घरावर तळहात ठेवतात,
जसा आयुष्यभर इंजिनावर ठेवला.
"सुटलं," म्हणतात.
मला काहीच ऐकू आलेलं नसतं.
मोजते. चार, पाच, सहा.
मग टिच्.
मग टिच्‌टिच्, उन्हात तुरीच्या शेंगा फुटाव्यात तसं.

गेल्या सोमवारी मात्र चुकले.
"सुटलं," म्हणाले, मी घाईनं दार उघडलं,
सगळा घाणा ताटात. फिकट, हिरवट.
बाहेरून रोड रोलर चालला होता.
थरथर त्याची होती.

दोघांनी घोट घेतला. कडब्याची चव.
"म्हशीला चालंल," दादा म्हणाले,
आणि स्कूटरला किक मारून गेले गंगावेशीला,
फेसासकट अर्धा लिटर घेऊन आले,
गुळाचा खडा फोडला,
सगळं एकत्र उकळून दोन पेले प्यायले.
बुसानची माझी मालकीण, बे युन-सुक,
हे बघून दुकान बंद करून गेली असती.

वहीत त्या घाण्यापुढं
तापमान लिहिलं, वेळ लिहिली.
शेऱ्याच्या रकान्यात: रोड रोलर.