एकवीस फोटो

चिठ्ठीवर एवढंच: सगळी हाडं.
तीन वर्षांच्या पोरीची सगळी हाडं म्हणजे
आमच्या हिशोबात एकवीस फोटो.
अन्विता भरमा कडोलकर.
कान आठ महिने वाहतोय, थेंब चार डॉक्टरांचे,
डोक्यावर खवले, त्यांना खोबरेल,
आणि कानाच्या वर एक मऊ टेंगूळ
ज्याचा दोष घरच्यांनी
उंबऱ्याला देऊन ठेवलेला.

‘आणि पाणीच पिऊलीय ओ ही,’ आई म्हणाली,
‘रात्री चारदा उठून. तांब्या लपवला
तर बादलीत तोंड घालूलीय.’
हे चिठ्ठीवर नव्हतं.
मी कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं: पाणी.

गळ्यातला ताईत काढला, पैंजण काढले,
आईला शिशाचा एप्रन बांधला.
हलू नको. अलुगाडबेड.
बावीस वर्षं दिवसभर हेच म्हणते मी, दोन्ही भाषांत.
बेळगावात कुठलं पोर कुठल्या भाषेत स्थिर होईल
सांगता येत नाही.
ही तिसऱ्याच कशानं तरी थांबली,
छताच्या पंख्याकडं बघत.

पहिला फोटो कवटीचा.
पडद्यावर आला, आणि मी
पुसलेलंच टेबल परत पुसलं.
तीन भोकं.
कडा स्वच्छ, भोवती पांढरी रेघ नाही,
हाड झुंजल्याची काही खूण नाही,
कंडक्टरनं तिकिटाला चिमटा मारावा तशी.
अकराव्या फोटोत पाठीचा एक मणका
नाण्यासारखा चपटा.
पुढच्या दहांत काही नव्हतं.
काही नसलेले फोटोही
तितक्याच हळू काढावे लागतात.

काढणाऱ्यानं काही सांगायचं नसतं.
तोंडावरही काही ठेवायचं नसतं.
पण भरमा उद्यमबागेत मोल्डर,
दारातूनच त्यानं पडदा बघितला.
‘ब्लोहोल,’ म्हणाला.
‘वाळू ओली राहिली की वाफ अडकते.
वरनं माल चकाचक, आत पोकळ.
आम्ही हातोडीनं वाजवून बघतो,
आवाज फुटका आला की खडूनं फुली,
परत भट्टीत.’
मग बराच वेळानं,
‘वाळू माझीच ओली होती काय ओ?’

डॉक्टर मुचंडी मॅडम मराठीतच बोलल्या,
त्यांच्या कानडी वळणाच्या, सावकाश मराठीत.
नाही. कुणाचीच नव्हती.
अंगातल्याच राखणदार पेशी, रस्ता चुकतात,
एका जागी गोळा होतात, हाड खातात.
लाखांत एखाद्या पोराला.
तुकडा काढून तपासू,
मग डोक्याचा एमआरआय,
ही तहान कुठनं येते ते बघू.
फुली नाही मारायची.

फॉर्म कन्नडमध्ये, रिपोर्ट इंग्रजीत.
भरमानं कॅन्टीनचं कूपन उलटं करून माझ्यापुढं धरलं:
‘घरी काय सांगू? आपल्यात लिहून द्या.’
आपल्यात त्याला शब्द नाही.
लँगरहान्स सेल हिस्टिओ,
इथं कूपन संपलं,
सायटोसिस खाली लिहिलं.
त्यानं ते ताईतासारखं दुमडलं.

एमआरआयमध्ये मेंदूच्या तळाशी
एक देठ जाड झालेला सापडला.
जोंधळ्याच्या दाण्याएवढा.
सगळा तांब्या, सगळी बादली
तिथून.

काल ती परत आली. वर्षभराची इंजेक्शनं अंगात,
केस पोपटी रिबिनीत.
आपणहून टेबलावर आडवी झाली
आणि मी तोंड उघडायच्या आत
मलाच म्हणाली, अलुगाडबेड.
मी हलले नाही.

जुना आणि नवा फोटो शेजारी लावले.
कडेकडेनं हाड आत सरकलंय,
गोठताना दूध सरकतं तसं;
मोठ्या भोकाच्या मध्ये अजून काळं आहे.
मणका थोडा उभा राहिलाय.
तहान राहिली. तिचं औषध दोन वेळा,
मॅडम म्हणाल्या, बहुतेक कायमचं.

भरमा पडद्याजवळ गेला,
बोटाचं पेर दुमडून
कवटीवर दोनदा वाजवलं, हळू,
आणि कान लावून उभा राहिला.
काच ती, काय सांगणार.
बाहेर नळाखाली
आई बाटली भरत होती.